सरकीवरचं औषध आणि कपाशीचा पहिला महिना

प्रश्न : बीटीच्या (बोंडअळी रोखणारा जनुक घातलेल्या कपाशीच्या) पाकिटातली सरकी रंगवलेलीच येते. तरी वरून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लावावं का? (गेवराई)

नको. आधी पाकिटावरचं लेबल वाचा. बहुतेक बीटी सरकीला कंपनीनंच इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावलेलं असतं. वरून पुन्हा लावलं तर मात्रा वाढते, उगवणीला धक्का लागू शकतो आणि खर्च वाया जातो.

औषध न लावलेलं सरळ (संकरित नसलेलं) किंवा देशी वाण असेल, तर मात्र बीजप्रक्रिया चुकवू नका. एक किलो बियाण्याला थायामेथोक्झाम ३० एफएस १० मिली किंवा इमिडाक्लोप्रिड ४८ एफएस ५ ते ९ मिली पुरतं. हातमोजे घालून बी प्लास्टिकच्या पिशवीत हलकं घोळवा, रगडू नका. मग सावलीत सुकवून लगेच पेरा. बुरशीनाशक आधी, कीटकनाशक नंतर, अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं सगळ्यात शेवटी. उरलेली सरकी जनावरांना घालू नका.

प्रश्न : चाळीस दिवसांची कपाशी आहे. पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली मुरडतात. बीटी असून असं का? (बदनापूर)

लक्षण तुडतुड्यांचं दिसतं. बीटीचा गुण बोंडअळ्यांसाठी आहे, रसशोषक किडींवर तो चालत नाही. त्यांना रोखतं ते बियाण्यावरचं औषध, आणि त्याचा जोर साधारण ३० ते ४० दिवसच टिकतो.

फवारणीआधी मोजणी करा, इथंच बहुतेकांची घाई होते. सकाळी एकरी २० झाडं निवडा. प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान अलगद उलटून पाहा. तिरकी चालणारी फिकट हिरवी पिल्लं म्हणजे तुडतुडे. पान खालून चांदीसारखं चमकत असेल तर फुलकिडे. दर पानाला सरासरी २ ते ३ तुडतुडे किंवा १० फुलकिडे भरले, तरच रासायनिक औषध घ्या. त्याहून कमी असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरे. ढालकिडे आणि क्रायसोपा हे किडी खाणारे मित्रकीटक दिसत असतील तर त्यांनाही काम करू द्या.

तुडतुड्यांसाठी फ्लोनिकामिड ५० डब्ल्यूजी एकरी ६० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम पुन्हा फवारू नका. बियाण्यावरही तोच गट होता, त्यानं किडीत प्रतिकारशक्ती वाढते.

प्रश्न : पेरताना तासात (पेरणीच्या सरीत) थायमेट टाकलं तर? (मानवत)

थायमेट म्हणजे फोरेट. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनं पोतं घरात असलं तरी वापरू नका.

प्रश्न : धूळपेरणीत (पावसाआधी कोरड्यात पेरलं तर) बियाण्यावरचं औषध वाया जातं का? (सेलू)

औषध ओलीत विरघळून मुळांवाटे रोपात चढतं. कोरड्यात पडलेल्या बियाण्याला ते मिळत नाही, आणि अर्धवट ओलीवर उगवण तुटक होते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच बी टोबा (टोचून लावा). नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) दहा दिवसांच्या आत भरा. उशिरा लावलेली रोपं कोवळी राहतात आणि तुडतुडे आधी त्यांच्यावरच बसतात.