क्रिमिनॉलॉजीला जायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: क्राईम सिरीज भयंकर आवडतात, फिंगरप्रिंट, रक्ताचे नमुने वगैरे. क्रिमिनॉलॉजी घेऊ ना?

थांब जरा! तू म्हणतेयस ते फॉरेन्सिक सायन्स, तिथे केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं. क्रिमिनॉलॉजीत गुन्हा कुणी केला हे नाही शोधायचं, गुन्हे का होतात, कशाला गुन्हा म्हणायचं हे ठरवतं कोण, शिक्षेने फरक पडतो का, हे बघायचं. लॅब नाही, वाचन भरपूर.

प्रश्न: गणित कच्चंय, स्टॅटिस्टिक्स टाळता येईल का सर?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि टाळूही नकोस, खरी मजा तिथेच आहे. पोलिसांकडचा आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढलेच असं नसतं, लोक तक्रार द्यायला पुढे यायला लागले, कायद्यातली व्याख्या बदलली, नोंदायची पद्धत बदलली, तरी आकडा फुगतो. जे नोंदलंच जात नाही त्याला ‘डार्क फिगर’ म्हणतात. त्याचा अंदाज घ्यायला सर्व्हे करतात, गेल्या वर्षभरात तुमच्यासोबत काही घडलं का असं थेट लोकांना विचारतात. पण त्यात खून येत नाही, सांगणाराच उरलेला नसतो ना. हे असले घोळ ओळखता आले पाहिजेत, बाकी टक्केवारी, सॅम्पलिंग वगैरे सरावाने जमतं.

प्रश्न: शंभर-दीडशे वर्षं जुन्या थिअरी कशाला शिकवतात?

लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये मांडलं की कवटी-जबड्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो. ते टिकलं नाही, पण आज सॉफ्टवेअर सांगतं की हा कैदी सुटल्यावर पुन्हा गुन्हा करेल का, म्हणजे माणसावर आधीच शिक्का मारायची हौस काही गेलेली नाही! आणि सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये ‘व्हाइट कॉलर क्राईम’ची, म्हणजे प्रतिष्ठित, वरच्या पदावरच्या लोकांनी कामधंद्यात केलेल्या गुन्ह्यांची चर्चा सुरू केली, तेव्हा गुन्ह्याचं खापर गरिबीवर फोडणाऱ्यांची पंचाईत झाली.

प्रश्न: प्रोफायलर व्हायचंय.

प्रोफायलर म्हणजे गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगार कसा असेल याचा अंदाज बांधणारा. जागा अगदी मोजक्या, आणि त्या बहुधा मुरलेल्या तपास अधिकाऱ्यांना नाहीतर सायकॉलॉजीवाल्यांना मिळतात. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणं), कैद्यांचं पुनर्वसन, पीडितांना मदत, बँकेतले फ्रॉड, डेटा ॲनालिसिस, कामं ही आहेत.

प्रश्न: घरचे म्हणतात त्यापेक्षा सोशिऑलॉजी घे.

घरचे अगदीच चुकीचे नाहीत, पुढे मास्टर्सला क्रिमिनॉलॉजीकडे वळता येतं. कॉलेजचा सिलॅबस उघड, रिसर्च मेथड्स आणि फील्डवर्क नसेल तर सोशिऑलॉजीच घे.