तिसऱ्यांची शेती होते का?

प्रश्न : काका, आमच्या खाडीत पूर्वी ओहोटीला पाटीभर तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) सहज मिळायच्या. आता मिळतात त्या नखाएवढ्या. कोळंबीसारखी यांची शेती केली तर आमच्या बचत गटाला चार पैसे सुटतील का? खाद्य कोणतं घालायचं?
– एक वाचक, ता. रत्नागिरी

उत्तर : ताई, खाद्याची चिंता सोडा. तिसरी पाणी आत ओढते, त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खाते आणि पाणी बाहेर टाकते. तळी, पंप, खाद्याची पोती काही लागत नाही. लागतं ते बी आणि जागा. दाट पडलेली बारीक पिल्लं उचलून मोकळ्या, वाळूमिश्रित चिखलात विरळ पेरायची आणि खेकड्यांपासून राखायला जाळं लावायचं. जागा खाडीच्या मुखाकडची बघा, पावसाळ्यात गोडं पाणी भरलं की या जिवाला सोसत नाही. सांडपाणी उतरतं तिथे तर मुळीच नको. पाणी गाळून जगणारा जीव त्यातली घाणही पोटात घेतो.

पण पेरण्याआधी केरळात काय झालं ते ऐका. कोल्लमच्या अष्टमुडी खाडीतही आपल्याकडचीच एक तिसरी आहे, पॅफिया मलबारिका. 1981पासून निर्यातीसाठी उपसा सुरू झाला, 1991मध्ये तो वर्षाला 10,000 टनांवर गेला आणि 1993पर्यंत निम्मा झाला. मग शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी बंद ठेवली. जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किमान 30 मिलिमीटर ठरला. गोठवलेलं मांस किलोत 1400हून जास्त नग बसतील इतकं बारीक असेल तर ते निर्यातीला बंद. तिसऱ्या परत वाढल्या. 2014मध्ये या मासेमारीला एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, शेतीचा खर्च नंतर करा. आधी एक हंगाम तिसऱ्यांना सुखाने अंडी सोडू द्या आणि नखाएवढ्या पाटीत न घेता तिथल्या तिथे चिखलात परत टाका. हे एकट्या तुमच्या गटाने करून भागणार नाही. खाडीचा तळ कुणा एकाचा नसतो. तुम्ही राखलेलं पलीकडच्या वाडीने उधाणाच्या ओहोटीला काढून नेलं, तर पुढच्या वर्षी तुमच्या बायकाही थांबणार नाहीत. त्या वाडीतल्या काढणाऱ्या बायकांना पहिल्या बैठकीलाच बोलवा.

आपल्या खाडीतल्या तिसऱ्या अंडी कधी धरतात, हे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा. जाताना थोड्या ताज्या तिसऱ्या सोबत न्या आणि बंदीचे महिने त्यावरून ठरवा.