फोटो बघून काढलं, तरी सैनिक उलटा कसा? (फ्रेडरिक्सबर्गचं चित्र, संग्रहालयाचा फॉर्म, वगैरे)

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुण्यात बसून अमेरिकन गिऱ्हाइकासाठी अमेरिकन यादवी युद्धातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतल्या आयरिश ब्रिगेडचं (उत्तरेच्या सैन्यातली आयरिश लोकांची तुकडी) चित्र काढलंत, त्यांनी हरकतींची यादी लावून परत पाठवलं: पिशवी चुकीच्या बाजूला, टोपीवरचा बिल्ला चुकीचा, हिरवे झेंडे चुकीचे. तुमचं म्हणणं, पिशवी तर त्या काळच्या फोटोवरूनच काढली. आणि ज्या संग्रहालयाचा तो फोटो, तिथे विचारलं तर त्यांनी शुल्काचं पत्रक आणि फोटो वापरायच्या परवान्याचा फॉर्म पाठवला. तो भरू का, असं विचारलंय.

भरू नका. निदान आज तरी नको.

आधीच सांगतो, मी इतिहासकार नाही, वकील तर नाहीच. न्यू जर्सीत राहतो, इलस्ट्रेशन करतो आणि त्यातलं बरंचसं काम यादवी युद्धाचं असतं, कारण इथे पणजोबांच्या रेजिमेंटचं चित्र काढून घेणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. रंग, कॅनव्हास, रचना यावर तुम्हाला काही सांगायची गरज नाही, तुमचं काम पोस्टमध्ये दिसतंय. मी फक्त जिथे माझे पैसे आणि झोप गेली तेवढ्यावर लिहितो.

तुमचा फोटो बहुधा टिनटाइप किंवा अँब्रोटाइप असणार. या प्रकारांत निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात घातलेली पत्र्याची किंवा काचेची पट्टी तीच अंतिम प्रत, त्यामुळे माणूस बहुतेकदा आरशातल्यासारखा उलटा येतो. पायदळातल्या सैनिकाची काडतुसांची पेटी उजव्या कमरेला, कॅप बॉक्स (बार पेटवणाऱ्या टोप्यांची छोटी डबी) पट्ट्यावर पुढे उजवीकडे, संगीन, पिशवी आणि पाण्याची बाटली डावीकडे. टिनटाइपमध्ये हे सगळं उलटं दिसतं. त्यातही काही जण फोटो सुलट दिसावा म्हणून सामान मुद्दाम उलटं चढवून उभे राहायचे. म्हणजे सामानावर भरवसा नाही. भरवसा दोन गोष्टींवर: बंदुकीचा घोडा (बोटाने ओढायचा चाप नव्हे, बार उडवणारी ठोकणी) नेहमी उजव्या अंगाला असतो, तो कुणाला हलवता येत नाही, आणि कोटाची डावी बाजू उजवीवर येते. फोटो सुलट असेल तर वरची पट्टी बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडून आलेली दिसते. पट्ट्याच्या बकलवरची 'यूएस' अक्षरं वाचता आली तर प्रश्नच मिटला.

आता माझं रडगाणं. एका गृहस्थांना पणजोबांचं मोठं व्यक्तिचित्र हवं होतं, मागे लढाई आणि पुढे हा माणूस. पणजोबांचा एकच फोटो, तोही एका संग्रहालयाकडे (नाव घेत नाही, इथे त्यांचे चाहते असतील). नुसता छातीपर्यंतचा फोटो, बंदूक नाही, पट्टा नाही, गळ्यापासून खाली जाड मफलर, त्यामुळे बटणपट्टी झाकलेली. एका भुवईवर वार लागल्याची ठसठशीत खूण. साइटवरची प्रत काडेपेटीएवढी, वर संग्रहालयाचा शिक्का चेहऱ्यावरून आडवा गेलेला. नोंदीत एकच शब्द: टिनटाइप.

मी सरळ एक प्रश्न विचारला: ही डिजिटल प्रत मूळ पट्टीसारखीच आहे की तुम्ही ती सुलटी केली आहे? उत्तरात फॉर्म. फॉर्मात विचारलेलं काय, तर चहाच्या मगांवर छापणार का, फ्रिजच्या चुंबकांवर छापणार का, किती प्रती, कोणत्या खंडात विकणार. माझा प्रश्न लिहायला जागाच नव्हती. तरी 'इतर माहिती' या चौकटीत परत लिहिला. पैसे भरले. मग बरेच दिवस काही नाही. फोन केला तर 'तुमची विनंती रांगेत आहे'. अखेर फाइल आली, मोठी, स्वच्छ, सोबत पावती. उत्तर नाही. परत मेल टाकला, तर त्याला 'नव्या विनंतीसाठी कृपया फॉर्म भरा' असं यंत्राचं उत्तर.

गिऱ्हाइकाच्या कौटुंबिक मेळाव्याची तारीख ठरलेली. नोंद टिनटाइपची, म्हणजे प्रतिमा उलटी, म्हणून ती सुलटी करून चेहरा रंगवला. चित्र गेलं, त्याचे प्रिंट निघाले, मेळाव्यात वाटले गेले. तिथे कुणीतरी पणजोबांच्या पेन्शनच्या कागदाची नक्कल आणली. त्यात डॉक्टरांनी तपासून लिहिलेलं: जखम डाव्या भुवईवर. माझ्या चित्रात उजव्या. नंतर त्या संग्रहालयातून दोन ओळी आल्या, की आमच्याकडे सगळे टिनटाइप नोंदवायच्या आधीच सुलटे करून ठेवतात. अहो, मग नोंदीत लिहा की! निदान पैसे घेतलेल्या माणसाला तरी सांगा! प्रिंट पुन्हा काढायचा खर्च माझ्या अंगावर आला आणि चेहरा खरवडून पुन्हा रंगवताना शेजारचं धुराचं सगळं काम गेलं ते वेगळंच.

म्हणून माझं ठाम मत (पटलं नाही तर सोडून द्या): परवाने देणाऱ्या टेबलाला इतिहासाचा प्रश्न विचारू नये. तिथे बसलेला माणूस प्रतिमा विकायला बसलाय. प्रश्न विचारायचा तर त्या वस्तूच्या क्युरेटरला, नाहीतर रणांगणाच्या राष्ट्रीय उद्यानातल्या इतिहासकारांना. मेल तीन ओळींचा, रेजिमेंट आणि तारीख लिहून, एकच प्रश्न. 'माहिती द्यावी' अशा मोघम मेलला कुणी उत्तर देत नाही आणि का द्यावं?

दुसरं, फोटोसाठी पैसे द्यायची वेळ बहुतेकदा येतच नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर लिलजेनक्विस्ट कुटुंबाने दिलेला सैनिकांच्या फोटोंचा संग्रह आहे, मोठ्या फाइली फुकट उतरवता येतात, इतक्या मोठ्या की कोटाचे टाके मोजा. १८६२ सालच्या फोटोवर आता कॉपीराइट नाही, आणि सपाट चित्राची हुबेहूब नक्कल केल्याने नवा कॉपीराइट तयार होत नाही असा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाचा १९९९ सालचा निकाल आहे. पण तो अमेरिकेपुरता, आणि फॉर्मवर सही केलीत की तो तुमचा करार झाला, त्यातल्या अटी वेगळ्या लागू होतात. पुन्हा सांगतो, वकील नाही.

रंगाबद्दल एक गोष्ट, तुमच्या यादीत नाही पण पुढच्या खेपेला येईल. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा प्रकाश पटकन लागायचा, लाल-पिवळा जवळजवळ लागायचाच नाही. म्हणून आकाशी पँट फोटोत पांढुरकी दिसते, आणि घोडदळाची पिवळी किंवा तोफखान्याची लाल पट्टी काळी. चौदाव्या ब्रुकलिन रेजिमेंटच्या लाल विजारी फोटोत गडद काळपट दिसतात. राखाडी छटेवरून रंगाचा अंदाज बांधायला जाल तर फसाल.

बिल्ल्याची हरकत मात्र त्यांची बरोबर आहे. लाल तीनपानी बिल्ला दुसऱ्या कोअरच्या (अनेक डिव्हिजन मिळून झालेली सैन्याची मोठी तुकडी) पहिल्या डिव्हिजनचा, आयरिश ब्रिगेड त्यातलीच, आणि तीन पानं म्हणजे आयर्लंड हे डोक्यात बसलेलं, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. पण हे बिल्ले जनरल हूकरने १८६३ च्या मार्चमध्ये सुरू केले. तुमची लढाई १३ डिसेंबर १८६२ ची. त्या दिवशी त्यांच्या टोप्यांत बॉक्सवुड या झुडपाच्या हिरव्या डहाळ्या होत्या, ब्रिगेडचा जनरल मीगर याने मुद्दाम लावायला सांगितलेल्या. बिल्ला खरवडून तिथे डहाळी काढा, चित्र उलट उजळेल.

यादीत नसलेली आणखी एक चूक मला दिसली. तुम्ही सैनिकांच्या हाती १८६१ ची स्प्रिंगफील्ड बंदूक दिली आहे. न्यूयॉर्कच्या तिन्ही आयरिश रेजिमेंटांकडे, म्हणजे ६३, ६९ आणि ८८, मुख्यतः १८४२ च्या नमुन्याच्या गुळगुळीत नळीच्या .६९ इंची बंदुका होत्या. एक गोळी आणि तीन छर्रे एकाच काडतुसात, जवळून मारायला. लांबून चित्रात फरक फारसा दिसणार नाही, पण तुमचा पुढचा सैनिक बंदूक आडवी धरून आहे, त्याची तरी बदला. गिऱ्हाइकाच्या नजरेतून हे सुटलंय, म्हणून स्वतःहून बदललंत तर पुढच्या कामाच्या वेळी तुमचा शब्द चालेल.

उजेडही बघा. ब्रिगेड मेरीज हाइट्स या टेकडीवर पश्चिमेकडे चढत होती, वेळ दुपारची, महिना डिसेंबरचा. सूर्य दक्षिणेला खाली कललेला, म्हणजे चढणाऱ्यांच्या डाव्या हाताला. सकाळचं धुकं तोपर्यंत उठलेलं. तुमच्या सावल्या डावीकडे पडल्यात. सुमारे १,२०० माणसं वर गेली आणि ५४५ मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्या उतारावर पडलेल्यांची गर्दी दाखवायला हरकत नाही, तुम्ही फार स्वच्छ ठेवलाय.

अवांतर: अचूकतेचा इतका सोस असलेले हेच लोक दिवाणखान्यात लॉइट्झे या चित्रकाराचं 'डेलावेअर ओलांडणारा वॉशिंग्टन' लावतात. १८५१ सालचं, ड्यूसेलडॉर्फमध्ये काढलेलं. प्रसंग १७७६ च्या नाताळच्या रात्रीचा, आणि नावेतला तारे-पट्ट्यांचा झेंडा १४ जून १७७७ ला मंजूर झालेला! रात्र तर नाहीच, लख्ख पहाट. मॉर्ट कुन्स्टलर या चित्रकाराने २०११ मध्ये तोच प्रसंग अंधारात, सपाट तराफ्यासारख्या फेरीवर दाखवला, तो जास्त खरा. तरी डोळ्यांसमोर येतं ते लॉइट्झेचंच. आणि ट्रंबलच्या चित्रात, यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले त्या प्रसंगाच्या, मधल्या पांढऱ्या घोड्यावरचा माणूस म्हणजे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस समजू नका, तो अमेरिकन जनरल लिंकन. कॉर्नवॉलिस आजारपणाचं कारण सांगून आलाच नव्हता. तोच कॉर्नवॉलिस पुढे हरिपंत फडक्यांच्या जोडीने टिपूवर श्रीरंगपट्टणला चालून गेला. असो.

व्यवहाराचं थोडक्यात: कच्चं रेखाटन पाठवताना त्यावर रेजिमेंट, तारीख, वेळ आणि दिशा लिहा आणि त्याला लेखी होकार घ्या. निम्मे पैसे तेव्हाच. त्यानंतरच्या हरकतींना वेगळा दर. कटकट वाटेल, पण यादी पाठवणारे लोक यालाच मान देतात. चित्र पाठवताना गुंडाळून नळीत पाठवा, चौकट तिकडे करू द्या.

झेंड्यांना मात्र अजून हात लावू नका. जुने फाटलेले हिरवे झेंडे न्यूयॉर्कला परत गेले होते आणि नवे त्या हल्ल्याच्या वेळी हाती आले नव्हते, हे खरं. पण हे न्यूयॉर्कच्या रेजिमेंटांचं. २८ व्या मॅसॅच्युसेट्सकडे स्वतःचा हिरवा झेंडा होता आणि त्या दिवशी ब्रिगेडमध्ये तो एकच फडकत होता. तुम्ही ब्रिगेडची पूर्ण ओळ काढलीय, तेव्हा मधला ठेवून बाकीचे काढावे लागतील असं वाटतं. त्यांच्या जागी राष्ट्रध्वज दाखवा. पण पुढचा गट नेमका कोणत्या रेजिमेंटचा, हे पोस्टमध्ये नाही. २८ वी असेल तरी बंदूक बदलायचीच, पण १८४२ ची नको, त्यांच्याकडे एनफील्ड बंदुका होत्या. तेवढं गिऱ्हाइकाला विचारून इथे लिहा, नाहीतर व्यक्तिगत निरोप पाठवा.