बाप्टिस्ट मंडळी बाळाला बाप्तिस्मा का देत नाहीत?

प्रश्न : आमच्या शेजारी दर रविवारी एका लहान बाप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीची प्रार्थना असते. मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत. गावच्या इगर्जीत (कॅथलिक चर्चमध्ये) बाळाला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, देतात, मग हे का देत नाहीत? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, मी अशाच एका मंडळीत वाढलो. आमची श्रद्धा अशी की विश्वास ज्याचा त्याने स्वतः ठेवायचा. आईबापांनी त्याच्या वतीने ठेवून चालत नाही. म्हणून आधी माणूस सगळ्यांसमोर उभा राहून आपल्या विश्वासाची साक्ष देतो, मग पाण्यात उतरतो. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, एक हात त्याच्या पाठीला लावतात, नाकावर रुमाल धरतात आणि त्याला मागे झुकवून पूर्ण बुडवतात. ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि पुन्हा उठणं, हा त्याचा अर्थ. नुसतं कपाळावर पाणी शिंपडून आम्हाला बाप्तिस्मा पुरा वाटत नाही.

वर बिशप नाही. पाळक कोण, पंखा दुरुस्त करायचा की नाही, सगळं सभासद हात वर करून ठरवतात. शेवटचा आधार बायबल.

बाप्टिस्ट मंडळींची सुरुवात १६०९ साली ॲमस्टरडॅमला, इंग्लंडहून परागंदा झालेल्या जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस यांच्यापासून. पुढे हेल्विस मायदेशी परतले. राजाची सत्ता विवेकबुद्धीवर चालत नाही, ज्यू आणि मुसलमानांनाही आपापल्या श्रद्धेची मोकळीक हवी, असं त्यांनी लिहिलं आणि तुरुंगात गेले. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेवरून लोकांना शिक्षा करणारं कॅथलिक धर्मन्यायालय, चालू होतं! आपल्या मातीत हे वाचताना माझा ऊर भरून येतो.

रविवारी जरूर जा. दार कुणालाही उघडं असतं.