वायफायवर पूर्ण वेग मिळतो, पण लॅन केबलवर नेट सारखं जातं आणि आलं तरी ९५ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. राउटर रिसेट करूनही फरक नाही. दोष कुठे असेल?

तुमच्या प्रश्नातला ९५ हा आकडाच दोषाचा पत्ता सांगतो. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, त्याच राउटरच्या वायफायवर मोबाइलला अडीचशेच्या वर वेग मिळतो, आणि केबलने जोडलेला कंप्युटर मात्र ९५ वर अडकतो. म्हणजे बाहेरून येणारी फायबर, भिंतीवरचा ओएनटी (फायबर जिथे संपते ते कंपनीचं खोकं), तुमचं लॉगिन आणि राउटर या सगळ्यांचं काम नीट चाललं आहे. बिघाड राउटरच्या लॅन पोर्टपासून कंप्युटरपर्यंतच्या टप्प्यात आहे, आणि बहुतेक तो केबलमध्येच निघेल.

राउटर पुन्हा रिसेट मात्र करू नका. मागच्या बारीक भोकात पिन घालून केलेला रिसेट आणि स्विच बंद करून परत चालू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन दाबून धरली की पीपीपीओईचं म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या जाळ्यातल्या विभागाचा), वायफायचं नाव असं सगळं पुसलं जातं. मग एक दोष शोधताना दुसरा आपणच तयार करून बसतो. बंद-चालू हवं तेवढ्या वेळा करा, पिन लांब ठेवा.

आता ९५ च का? लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसच्या लिंकला (दोन उपकरणांमधल्या जोडणीला) त्यातल्या दोनच जोड्या लागतात: कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना. गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसला मात्र चारही जोड्या, आठही तारा शाबूत लागतात. ४, ५, ७, ८ यांतली एक तार जरी तुटली किंवा नीट टेकत नसली, तरी गिगाबिट लिंक टिकत नाही. आणि १०० च्या लिंकवर प्रत्येक पॅकेटमागे (डेटाच्या तुकड्यामागे) पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन पॅकेटमधली मोकळी जागा धरली की १५३८ बाइटांतून तुमच्या कामाचे १४६० बाइट जातात. हे होतात साधारण ९५ टक्के. म्हणून स्पीड टेस्ट ९४-९५ ला येऊन थांबते.

नेट मधूनच जाण्याचं कारणही हेच असू शकतं. केबल जोडल्यावर दोन्ही टोकांची उपकरणं आपापसात वेग ठरवतात, आणि ही बोलणी होतात १, २, ३, ६ वरूनच. या तारा ठीक असल्याने दोघंही १००० ला तयार होतात, प्रत्यक्ष लिंक उभी करायला जातात आणि उरलेल्या जोड्यांपाशी अडतात. लिंक पडते, पुन्हा बोलणी, पुन्हा पडते. बऱ्याच नेटवर्क चिपमध्ये अशी सोय असते की काही वेळा फसल्यावर त्या आपणहून १०० वर उतरतात. तोवर तुम्हाला ‘नेटवर्क केबल काढलेली आहे’ असा संदेश दिसतो. तार पूर्ण तुटलेली नसून सैल असेल तर केबल जरा हलली की हा सगळा खेळ नव्याने सुरू होतो.

तपासणीला सुरुवात करण्याआधी कंप्युटरचं वायफाय बंद करा. नाहीतर केबल गेल्यावर तो गुपचूप वायफायवर जातो आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचा वेग मोजत राहता. मग विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमधल्या इथरनेटवर जाऊन लिंक स्पीड पाहा. तिथे १००/१०० दिसलं तर वरचं निदान पक्कं होत जातं. १०००/१००० दिसूनही वेग कमी असेल तर दोष दुसरीकडे आहे, त्याकडे पुढे येतो. लिनक्सवर हीच माहिती एथटूल (ethtool) या आज्ञेने मिळते.

१०० दिसलं की एक गोष्ट पाहून घ्या: राउटरचे लॅन पोर्ट मुळात गिगाबिट आहेत का? ड्युअल बँड वायफाय असलेल्या बऱ्याच राउटरचे काही किंवा सगळे लॅन पोर्ट फक्त १०० चे असतात. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘फास्ट इथरनेट’ किंवा १०/१०० असं लिहिलेलं असेल तर ते पोर्ट ९५ च्या वर जाणारच नाहीत, केबल कितीही चांगली असो. काही ओएनटीवर एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. केबल त्या एका पोर्टवर हलवून पाहा. कंप्युटरचं नेटवर्क कार्डही याच नजरेने तपासा.

दोन्ही बाजू गिगाबिट असतील तर केबल बदलून बघा. राउटर कंप्युटरजवळ नेता येत नसेल तर कंप्युटर राउटरजवळ न्या आणि एक-दोन मीटरची, दुसरीकडे गिगाबिटवर चाललेली तयार केबल थेट लावा. लिंक लगेच १००० ची झाली तर बाकीचं काही तपासायची गरज नाही. झाली नाही तर तीच केबल राउटरच्या दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये लावा, मग दुसरा लॅपटॉप लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि सेटिंग एका दमात बदलले तर नेट सुरू होईलही, पण कशामुळे ते कळणार नाही आणि काही दिवसांनी हाच प्रश्न परत येईल.

केबल दोषी ठरली, पण ती भिंतीतून गेलेली असेल, तर लगेच नवी ओढू नका. मधला भाग सहसा शाबूत असतो, बिघाड टोकांना असतो. आधी कनेक्टरचा प्लास्टिकचा खटका पाहा. तो तुटला की कनेक्टर पोर्टमध्ये घट्ट बसत नाही. मग केबलचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलेलं आहे का ते पाहा. सुट्या रंगीत तारा बाहेर दिसत असतील तर ते काम कच्चं आहे, ताण सगळा तारांवर येतो. दोन्ही टोकं कापून नवे आरजे-४५ कनेक्टर क्रिंप करा, म्हणजे खास पक्कडीने दाबून बसवा. प्रचलित टी-५६८बी क्रम असा, खटका खाली, केबल आपल्याकडे आणि पिनांचं टोक पलीकडे धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. तारांचा पीळ टोकाशी साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, कारण त्या पिळामुळेच शेजारच्या जोडीचा गोंधळ आत येत नाही.

इथे एक चूक फार होते आणि साध्या टेस्टरला ती सापडत नाही. काही जण रंगांच्या जोड्या सरळ ओळीने लावतात: नारिंगीची जोडी १-२, हिरवी ३-४, निळी ५-६, तपकिरी ७-८. दोन्ही टोकांना सारखंच लावलं की दिव्यांच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे बरोबर क्रमाने लागतात आणि केबल पास होते. पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीच्या दोन तारा हव्यात, इथे त्या वेगवेगळ्या जोड्यांतून येतात. पिळाचा उपयोगच संपतो. छोटी केबल कशीबशी चालते, लांब केबल लिंक पाडते किंवा पॅकेट हरवते. म्हणून टेस्टरच्या दिव्यांवर विसंबू नका, कनेक्टर डोळ्यांसमोर धरून रंग वाचा.

तारेचा धातूही पाहा. टोक ब्लेडने खरवडलं आणि तांब्याच्या आत पांढरट चकाकी दिसली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. ती लवकर तुटते, रोधही जास्त. अशी केबल दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. शुद्ध तांब्याची कॅट-५ई केबल गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते. घरासाठी कॅट-७ किंवा कॅट-८ घेऊन वेग वाढत नाही.

आता दुसरी शक्यता: लिंक १००० ची आहे, दिवे लुकलुकतात, तरी नेट नाही. कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कंप्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने तो स्वतःच घेतला आहे. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गेटवेचा (नेटकडे जाण्याच्या वाटेचा) पत्ता पाहा, आणि तो राउटरचाच आहे ना ते मोबाइलवरच्या वायफायच्या माहितीशी जुळवा. जुळत नसेल तर घरात पत्ते वाटणारी दोन उपकरणं आहेत. जुना राउटर स्विच म्हणून वापरताना त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करायचं राहून गेलं की असं होतं. कंप्युटरला पूर्वी कधी हाताने पत्ता टाकून ठेवला असेल तर तो काढून ‘आपोआप’ करा. तोच पत्ता राउटरने एखाद्या मोबाइलला दिला की दोघांत भांडण लागतं, आणि तो मोबाइल घरात असेल तेव्हाच नेट जातं.

पत्ता ठीक असेल तर गेटवेला सतत पिंग लावा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहा: पिंग (ping), मग पत्ता, शेवटी हायफन टी (-t). केबलवरून राउटरचं उत्तर सहसा १ मिलिसेकंदाच्या आत येतं. पाच मिनिटांत एखादंही उत्तर हरवलं तर पुन्हा केबल आणि पोर्टकडेच या. हे स्वच्छ असेल तर ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करा. ते चालतं पण नावाने वेबसाइट उघडत नाही, असं दिसलं तर दोष डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) आहे. कंप्युटरमध्ये हाताने टाकलेला डीएनएस पत्ता उरला आहे का ते बघा.

नेटवर्क कार्डच्या प्रगत सेटिंगमध्ये दोनच गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हे ऑटो निगोशिएशनवर ठेवा. वेग वाढेल या आशेने कोणी १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) सक्तीने ठेवलं, तर दुसऱ्या टोकाला बोलणी करायला कोणी सापडत नाही, ते हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) जातं, आणि मोठी फाइल उतरवताना वेग कोसळतो. दुसरं, ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ (वीज वाचवण्याची सोय) बंद करून बघा. कंप्युटर रिकामा असताना लिंक पडत असेल तर कधी कधी तेवढ्याने थांबते.

आणि विजांच्या गडगडाटानंतर हे सुरू झालं असेल, तर कंप्युटरचा पोर्टच अर्धवट जळालेला असू शकतो: दिवा लागतो, पण चांगल्या केबलवरही लिंक टिकत नाही. तेव्हा मदरबोर्ड बदलायच्या मागे लागू नका. यूएसबीचा गिगाबिट इथरनेट अॅडाप्टर घ्या आणि तो यूएसबी ३.० च्या पोर्टमध्येच लावा. यूएसबी २.० ची मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे, प्रत्यक्षात मिळतं त्याहून कमी.