बेसबॉलमध्ये बॅट फिरवलीच नाही, तरी अंपायर स्ट्राइक (फलंदाजाच्या खात्यावरचा ठपका) का देतो?
कारण चेंडू मारण्याजोगा होता. फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीवरची पाटी, म्हणजे होम प्लेट, 17 इंच रुंद असते. तिच्यावर, फलंदाजाच्या गुडघ्याच्या वाटीखालपासून खांदे आणि कमरपट्टा यांच्या मध्यापर्यंतचा न दिसणारा पट्टा म्हणजे स्ट्राइक झोन. चेंडूचा नुसता काठ त्याला शिवला तरी स्ट्राइक. बाहेरून गेला आणि बॅट फिरली नाही, तर ‘बॉल’. तीन स्ट्राइकला बाद, चार बॉलना फुकटात पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा.

कॅचरने (प्लेटमागे बसून चेंडू पकडणाऱ्या खेळाडूने) चेंडू कुठे पकडला याला खरं तर काही अर्थ नसतो; प्लेटवरून जाताना तो कुठे होता, एवढंच बघायचं. चलाख कॅचर मात्र ग्लोव्ह हळूच आत ओढून अंपायरला चकवू पाहतातच!

अर्धवट फिरवलेल्या बॅटला ‘बॉल’ दिला, तर कॅचर दाद मागतो. मग प्लेट अंपायर बेसजवळच्या सहकारी अंपायरकडे बोट करून विचारतो: बॅट फिरली का?