इंग्रजीत माणसाला 'जिंजर' का म्हणतात? त्यात आलं कुठे आहे?

तुम्ही तीन वाक्यं दिली आहेत: 'ही इज अ जिंजर', 'वी नीड टू जिंजर थिंग्ज अप' आणि 'शी ओपन्ड द डोअर जिंजर्ली'. या तिन्हींत आलं कुठे आहे, असा तुमचा प्रश्न आहे. पहिल्यात आल्याचा रंग आहे, निदान तसं समजतात. दुसऱ्यात आल्याचा तिखटपणा आहे. तिसऱ्यात आलं औषधालाही नाही.

आधी तिसरं वाक्य निकालात काढतो, कारण फसगत तिथेच जास्त होते. 'जिंजर्ली' म्हणजे अलगद, जपून, बिचकत बिचकत. दुखऱ्या पायावर भार देताना किंवा काचेचं भांडं उचलताना आपण जसं वागतो तसं. हा शब्द सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि त्याचं मूळ बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या 'नाजूक, कुलीन' अशा अर्थाच्या शब्दात आहे. आल्याशी फक्त स्पेलिंग जुळतं. भाषांतरात याचं 'झणझणीतपणे' झालं की वाक्याचा अर्थ थेट उलटा होतो.

आता केस. तांबूस, नारिंगी झाक असलेल्या केसांना ब्रिटनमध्ये 'जिंजर हेअर' म्हणतात आणि त्या माणसाला नुसतं 'जिंजर'. आपण बाजारातून आणतो ते आलं मातकट, आतून फिकट पिवळं. मग नारिंगी केसांना हे नाव कसं? फ्रान्सिस ग्रोस यांच्या बाजारू इंग्रजीच्या कोशाची १८११ची आवृत्ती सांगते, की हा शब्द कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यातून आला. तिथे लाल कोंबड्यांना 'जिंजर' म्हणत, आणि त्यावरून लाल केसांच्या माणसाला 'जिंजर हॅकल्ड' म्हणू लागले. हॅकल म्हणजे कोंबड्याच्या मानेवरची पिसं. म्हणजे शब्द आल्यावरून कोंबड्यावर आणि कोंबड्यावरून माणसाच्या डोक्यावर बसला. मला हे पटण्यासारखं वाटतं, कारण झुंजीच्या कोंबड्याचा रंग आणि तापट स्वभाव दोन्ही त्यात येतात, आणि लाल केसांची माणसं तापट असतात हा युरोपातला जुना, निराधार समज आहेच.

प्रत्यक्ष वापरताना मात्र जपून. ब्रिटनमध्ये शाळेतल्या पोरांना यावरून भरपूर चिडवतात. 'जिंज' हे आखूड रूप आणि दोन्ही 'ज' मुद्दाम 'ग' करून उच्चारलेलं 'गिंगर' ही खास चिडवण्याची रूपं. लाल केसांची माणसं आपापसांत, थट्टेत 'जिंजर' म्हणतात. म्हणून नव्या ओळखीच्या सहकाऱ्यानंही म्हणावं असं नाही. 'शी हॅज रेड हेअर' हे कुठेही चालतं. अमेरिकेत 'रेडहेड' जास्त रुळलेला आहे. गडद, तपकिरीकडे झुकणाऱ्या छटेला 'ऑबर्न' आणि सोनेरीकडे झुकणाऱ्या फिकट छटेला 'स्ट्रॉबेरी ब्लाँड' म्हणतात. हे दोन्ही शब्द कौतुकाचे आहेत. मराठीत लिहिताना 'तांबूस केस' पुरे. मांजराला मात्र 'जिंजर' बिनधास्त म्हणा. 'जिंजर टॉम' म्हणजे तांबूस बोका. असं मांजर बहुतेकदा बोकाच निघतं, कारण हा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं: बोक्याला एक प्रत पुरते, भाटीला दोन लागतात.

एक खाचखळगा नावांचा. 'जिंजर' हे व्हर्जिनिया या नावाचं लाडकं रूपही आहे. नर्तिका-अभिनेत्री जिंजर रॉजर्स हिचं मूळ नाव व्हर्जिनिया मॅकमॅथ. तेव्हा नाव ऐकून केसांचा रंग ठरवू नये.

तिखटपणाची शाखा जास्त गमतीची आहे, आणि थोडी अघोरी. अठराव्या शतकातले घोड्यांचे दलाल म्हातारा, मरगळलेला घोडा विकायला काढताना त्याच्या गुदद्वारात सोललेलं आलं सारत. आग झाली की घोडा शेपटी उंच धरी, पाय नाचवी आणि गिऱ्हाईक फसे. ग्रोस यांच्याच कोशात या प्रकारासाठी 'फीग' असं क्रियापद आहे. त्याआधी या कामाला जिवंत वाम मासा वापरत, असंही तिथे ऐकीव म्हणून दिलंय. आपल्याकडे बैलाची शेपटी पिरगाळतात, त्याचीच ही विलायती आवृत्ती. माणसाला चेव आणणे हा लाक्षणिक अर्थही त्या नोंदीत आहेच. 'जिंजर अप'चं मूळ याच प्रकारात असल्याचं सर्वसाधारणपणे मानतात.

आज 'जिंजर अप' म्हणजे मरगळ झटकून तरतरी आणणे. कर्म मध्ये घालता येतं: 'जिंजर द टीम अप'. शब्द ब्रिटिश वळणाचा आणि जरा जुनाट आहे. अमेरिकी मीटिंगमध्ये 'लिव्हन अप' बरं. 'स्पाइस अप' हा त्याचा जुळा भाऊ वाटला तरी त्याचा रोख रंगत वाढवण्यावर असतो, म्हणून तो पाककृतीला किंवा सादरीकरणाला शोभतो. नायजेरियात 'अप' गाळून नुसतं 'जिंजर मी' म्हणतात, म्हणजे मला हुरूप दे.

यातूनच 'जिंजर ग्रुप' निघाला. पक्षाच्या किंवा संस्थेच्या आत राहून नेतृत्वाला सतत ढोसणारा, अधिक जहाल धोरणाचा आग्रह धरणारा छोटा गट. याचं भाषांतर 'दबावगट' करू नका. दबावगट बाहेरून रेटतो, हा घरातला असतो. कॅनडाच्या संसदेत १९२४ साली प्रोग्रेसिव्ह पक्षातून फुटलेल्या खासदारांच्या गटाचं नावच 'जिंजर ग्रुप' पडलं. आपल्याकडे नाशिकच्या तुरुंगातल्या चर्चांतून आकाराला येऊन १९३४ साली स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष काँग्रेसच्या पोटात राहून हेच काम करत होता. इंग्रजी लेखनात त्याला अनेकदा हाच शब्द लावलेला दिसेल. मराठीत मी 'पक्षांतर्गत जहाल गट' असं लिहीन. नेमकं नाही, पण गैरसमज होत नाही.

मूळ शब्द आपल्याच बाजूचा आहे. संस्कृत 'शृंगवेर', पाली 'सिंगिवेर', तिथून ग्रीक, लॅटिन आणि मग इंग्रजी. शृंगवेर म्हणजे शिंगाच्या आकाराचं, ही फोड आकर्षक आहे, पण अभ्यासक हा शब्द द्राविडी मानतात: 'इंजी' म्हणजे आलं आणि 'वेर' म्हणजे मूळ. आपलं 'आलं' मात्र 'आर्द्रक'वरून आलं, म्हणजे ओलं ते आलं आणि वाळलं की सुंठ. मराठीत या मुळीला लाक्षणिक अर्थ मिळाला तो औषधाचा, 'सुंठीवाचून खोकला गेला' मधला. रंग किंवा चेव आपल्या डोक्यात आला नाही.

उरलेलं थोडक्यात. 'जिंजरब्रेड'मध्ये ब्रेड मुळात नव्हता. जुन्या फ्रेंचमधल्या 'मुरवलेलं आलं' अशा शब्दाचं शेपूट लोकांनी ओळखीच्या ब्रेडसारखं करून टाकलं. लंडनच्या यमकी बोलीत 'जिंजर बिअर' म्हणजे समलिंगी माणूस. यमक 'क्विअर'शी जुळतं आणि वापर हिणकस आहे, समजण्यापुरता ठेवा. ग्लासगोत मात्र कुणी 'बॉटल ऑफ जिंजर' आणायला सांगितली तर आल्याचं पेय शोधत फिरू नका. तिथल्या जुन्या बोलीत कुठल्याही फसफसत्या थंड पेयाला जिंजर म्हणतात, कोलासुद्धा चालेल.